पाणी नसलेला नळ

कर्वेनगरात आमचा एक वन बीएचके आहे, रिटायर झाल्यावर त्याच्या भाड्यावर निवांत जगायचं असं मी ठरवलं होतं, म्हणजे बायकोने ठरवलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. निवांतपणा बरोब्बर सात महिने टिकला. मग खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला, आमच्या बाथरूमच्या छताला पोपडे धरलेत, थेंब थेंब गळतंय, तेही बरोब्बर डोक्यावर, त्यामुळे आंघोळ कुठली हेच कळत नाही.

मिस्त्री आला, टाइल्सवर हातोडीच्या मागच्या टोकाने टकटक केलं आणि डॉक्टरसारखा चेहरा करून म्हणाला, सांधे गेलेत साहेब, पाणी खाली कोब्यात मुरतंय, सगळं फोडावं लागेल. फोडलं. दारातला ग्रॅनाइटचा उंबरासुद्धा काढून ठेवला, शेवटी बसवू म्हणाला. भाडेकरू आणि त्याची बायको बिचारे आठ दिवस मित्राकडे राहायला गेले, बेडरूममधला राडारोडा नको म्हणून पलंगही खोलून हॉलमध्ये उभा केला आणि गादी बेडरूमच्या भिंतीला टेकवून ठेवली. हे सगळं मीच सुचवलं होतं. हे वाक्य पुढे माझ्याविरुद्ध तीन वेळा वापरलं गेलं.

वॉटरप्रूफिंग झालं की टेस्ट करतात. नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी जायचं भोक, बंद करायचा, बाथरूममध्ये चार बोटं पाणी भरायचं, चोवीस तास तसंच ठेवायचं, खाली गळलं नाही तर काम पक्कं. आता मिस्त्रीने ही टेस्ट ठेवली गुरुवारी. पुण्यात राहणाऱ्याला पुढचं सांगायची गरज नाही. कॉर्पोरेशनचं पाणी बंद, सोसायटीची टाकी दुपारपर्यंत रिकामी. मिस्त्रीने नळ सोडला, नळाने दोनदा खोकल्यासारखं केलं आणि गप्प बसला. मिस्त्री वाट बघून बघून घरी गेला. शुक्रवारी पहाटे पाणी आलं. वॉटरप्रूफिंग उत्तम झालं होतं, काकूंकडे एक थेंब नाही, पण उंबरा नव्हता ना, त्यामुळे सगळं पाणी सरळ बेडरूममध्ये.

"नळ चालू ठेवून गेलास?" मी फोनवर ओरडलो.

"नाही साहेब. पाणी नसलेला नळ बंदच असतो."

यावर काय बोलणार. मी अजूनही विचार करतोय.

संध्याकाळी भाडेकरूने एक्सेल शीट पाठवली. पोरगा हिंजवडीत काम करतो, त्यामुळे शीटमध्ये फिल्टर वगैरे होते. गादी, ट्रॉली बॅग, एक्स्टेंशन बोर्ड, दोन जोड बूट, कॅरम बोर्ड. खाली टोटल, 14,350. मी लगेच अ‍ॅग्रीमेंट काढलं. बावीस कलमं आहेत त्यात, एजंटने बनवलेलं, घरी येऊन अंगठे घेऊन रजिस्टर केलेलं, कारण 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात 55 वं कलम आहे, रजिस्टर नाही केलं तर जबाबदारी मालकाची, दंड पाच हजारांपर्यंत नाहीतर तीन महिन्यांपर्यंत आत, किंवा दोन्ही. आणि गंमत म्हणजे कायद्याने हा भाडेकरू भाडेकरूच नाही, तो लायसन्सी, म्हणजे जागा वापरायची नुसती परवानगी मिळालेला, आणि मी लायसन्सर, ती परवानगी देणारा. तर बावीसच्या बावीस कलमं वाचली. त्याने खिळा ठोकला तर डिपॉझिटमधून कापायचे, नळ तुटला तर कापायचे, रंग खराब केला तर कापायचे. माझ्या नळाने त्याची गादी भिजवली तर काय, याबद्दल एक अक्षर नाही. सगळी कलमं एकाच दिशेने वाहणारी. बाथरूमचा स्लोप असा असता तर ही वेळच आली नसती.

शनिवारी पाहणीला गेलो. कॅरम बोर्ड फुगलाय म्हणे. मी म्हटलं, दाखव, फुगलाय म्हणजे किती. त्याने पावडर मारली, सोंगट्या मांडल्या. दिसायला अगदी नॉर्मल हो. मी स्ट्रायकर मारला, तो सरळ निघाला आणि मध्ये गेल्यावर काहीतरी आठवल्यासारखा डावीकडे वळला. परत मारला, परत तेच. बोर्डाच्या मधोमध टेकडी झाली होती. "बघितलंत काका?" म्हणत त्याने तीन सोंगट्या घेतल्या, मग राणी घेतली, कव्हरही घेतलं. "हे कसं जमलं?" "काल रात्री इथे आवरायला आलो होतो ना काका, खेळून बघितलं, सवय झाली." नुकसान झालेल्या वस्तूवर माणूस एवढा चांगला खेळत असेल तर नुकसानीची रक्कम कमी व्हायला हवी, असा मुद्दा मी मांडला, त्याच्या बायकोने चहा मांडला, मुद्दा तिथेच संपला.

खरं भांडण गादीवरून. मी म्हटलं, जुनी आहे, घसारा धरायला पाहिजे. त्याने लातूरला आईला फोन लावून स्पीकरवर टाकला. "दादा, घरचा कापूस हाय, पिंजून घेतलेला," त्या म्हणाल्या, "लेकाच्या लग्नात दिली, तुम्ही त्याला जुनी म्हणता?" मला साठाव्या वर्षी दादा म्हटल्यावर मी विरघळलो, पण पूर्ण नाही. शेवटी साडेसात हजारांवर तुटलं, त्यातले दोन मिस्त्रीच्या बिलातून कापले, तो आता माझा फोन उचलत नाही.

इथे मला शहाणपणा सुचला. मी कडक आवाजात म्हटलं, भरपाई देतोय म्हणजे वस्तू माझ्या, गादी आणि कॅरम मला पाहिजे. वाटलं, पोरगा दचकेल, हजारभर सोडेल. तो म्हणाला, "हो काका, नक्की."

रविवारी सकाळी वॉचमनचा फोन, साहेब गादी आलीय. टेम्पोवाल्याला सहाशे मीच दिले. ओली कापसाची गादी किती जड असते हे ज्याने उचललीय त्यालाच माहीत, चार जणांनी मिळून टेरेसवर नेली, जिन्यात प्रत्येक वळणावर ती थोडी थोडी गळत होती. बायको दारात उभी राहून बघत होती. काही बोलली नाही, फक्त आत जाऊन टॉवेल घेऊन आली आणि जिना पुसायला माझ्या हातात दिला.

आता सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज फिरतोय, टेरेसवर गादी कोणाची आहे, मागच्याच महिन्यात वॉटरप्रूफिंग केलंय, खराब झालं तर खर्च वसूल केला जाईल. चौदा जणांनी अंगठा दाखवलाय. पंधरावा मी दाखवला.