आधी दुसऱ्यांदा ओरडू द्या त्याला

आज सकाळी नागपुरात आमच्या दाभ्याच्या कॉलनीत जुन्या पाण्याच्या टाकीखाली गव्हाणी घुबडाची दोन पिल्लं पडलेली सापडली. एक मेलेलं. दुसऱ्याचा पंख लोंबत होता. वॉचमनभाऊंनी त्याला आपल्या दुपट्ट्यात गुंडाळून धरलं होतं आणि ते त्यांच्या अंगठ्यावर चोच मारत फिस्स फिस्स करत होतं. टाकीच्या पायऱ्यांवर सुतळी बॉम्बचे जळके तुकडे पडलेले.

काल रात्री कॉलनीच्या ग्रुपवर ऑडिओ क्लिप आली. "टाकीवर बिबट्या आहे, पोरांना बाहेर सोडू नका." लगेच सगळे जागे. "आमच्याकडेही ऐकू येऊन राहिलं." मग कुणीतरी लिहिलं, "दोन-चार बॉम्ब फोडा, पळते." आणि खरंच फोडले. अरे, बिबट्या टाकीच्या खोबणीत बसून रात्रभर फिसफिसतो का? ती पिल्लं आईबापाला उंदीर मागत होती. भूक लागली की गव्हाणीची पिल्लं असाच आवाज करतात, रात्र-रात्र करतात. अधूनमधून ती घसा खरवडणारी लांब किंकाळी यायची, ती मोठ्या घुबडाची.

उमरेडकडे माझ्या मामाजींचं शेत. हरभऱ्यात रोही, म्हणजे नीलगाई, आणि डुकरं शिरतात म्हणून ते जागलीला जायचे. लहानपणी मी हट्ट करून सोबत गेले. मध्यरात्री नाल्याकडून असा काही आवाज आला की मी मामाजींची घोंगडी ओढून डोक्यावर घेतली. "टॉर्च लावा ना!" म्हटलं. ते म्हणाले, "थांब ना बाई, घाई कायले करतं? दुसऱ्यांदा ओरडू दे त्याले." बस्स. आम्ही गप्प बसून राहिलो.

आमच्या ग्रुपवर तेवढा धीर एकालाही नव्हता. शिकलेली माणसं आहेत सगळी! हातात फोन आहे, फोनवर जगातल्या प्रत्येक पक्ष्याचा आवाज मिळतो. तो ऐकायच्या आधी काडेपेटी सापडली.

बिबट्याचा आवाज लाकडावर करवत पुढे-मागे ओढावी तसा असतो, खरखरीत, एका लयीत. पण बहुतेक वेळ तो गुपचूप फिरतो. रात्री आपण दचकतो ते दुसऱ्यांमुळेच. कोल्हा एकटा सुरू करतो आणि बाकीचे सूर मिळवतात, की शेजाऱ्यांना बाई रडल्यासारखं वाटतं. उदमांजरं भांडली की छतावर मांजर कुणी मारतंय असं वाटतं. गोरेवाड्याच्या जंगलाच्या बाजूला तर मोर रात्रीही केकाटतात. पिंगळा भरवस्तीत, झाडाच्या ढोलीत राहतो आणि चिरचिर चिरचिर करून गल्ली डोक्यावर घेतो. टिटवी ओरडली की घरात कुणीतरी जाणार, हे अजून मानणारे आहेत. ती बिचारी उघड्या जमिनीवर अंडी घालते. जवळून कुत्रं गेलं तरी जीव तोडून ओरडणारच.

मामाजींनी त्या रात्री दुसरी हाक ऐकली, तिसरी ऐकली. "जागा बदलून राहिला का तो? नाही ना. मंग चितळ आहे. त्याले काही दिसलं असन." थोड्या वेळाने वानर खेकसले, तेव्हा मात्र ते उठून बसले आणि शेकोटीत लाकूड सारलं. चितळ उगाचच घाबरून ओरडतो, पण त्याच्यामागे वानरही ओरडला तर काहीतरी आहे, असं त्यांचं म्हणणं. चौथी शिकलेला माणूस. एवढं ऐकून घेतल्यावर मग काय करायचं ते ठरवलं.

हो, मान्य आहे, 2021 मध्ये गायत्रीनगरकडे बिबट्या आला होता. गोरेवाड्याच्या जंगलात बिबटे आहेत. लहान लेकरं असलेल्या आईला भीती वाटणारच, तिच्यावर माझा राग नाही. पण खरंच बिबट्या असता तर दाट वस्तीत बॉम्ब फोडून त्याला कुणाच्या अंगणात ढकलणार होते? 1926 हा वनविभागाचा नंबर आहे. तो लावायला किती वेळ लागतो?

लिहिता लिहिता राग थोडा उतरला, पण ते मेलेलं पिल्लू डोळ्यांसमोरून जात नाही. चेहऱ्यावर अजून पांढरी लव होती. याच घुबडांमुळे टाकीमागच्या किराणा गोदामातले उंदीर आटोक्यात आहेत. त्यांचा एक कान वर आणि एक खाली असतो, म्हणून काळोखात गवतातली खसखससुद्धा नेमकी कुठली ते त्यांना कळतं. इतकं बारीक ऐकणाऱ्या जीवाच्या कानाशी आपण सुतळी बॉम्ब लावला.

मामाजी आता नाहीत. असते तर त्यांनी ग्रुपवर एवढंच बोलून पाठवलं असतं, "दुसऱ्यांदा ओरडू द्या ना त्याले."

जिवंत पिल्लू वॉचमनभाऊ आणि मी सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला, म्हणजे जखमी वन्यजीवांच्या दवाखान्यात, देऊन आलो. डॉक्टर म्हणाले, हाड मोडलंय, बघू. आईबाप अजून टाकीवरच आहेत, संध्याकाळी मी दोघांनाही पाहिलं. तर आज रात्री आवाज येणार आहे. ज्यांना भीती वाटेल त्यांनी मला फोन करा, कितीही वाजता करा, मी खाली येते, सोबत उभं राहून ऐकू. आणि ज्याने ती क्लिप टाकली त्याने ती काढून तिथे लिहावं, की ते घुबड होतं. दुसऱ्या कॉलन्यांमध्ये ती अजून फिरते आहे.