ब्यालख ना बा घाटात मोठ्या मोटरहोमना बंदीच पाहिजे

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर ॲपलक्रॉस नावाचं एक छोटंसं गाव आहे, तिथे जाणारा ब्यालख ना बा नावाचा घाट आम्ही दोघा मित्रांनी सामान लादलेल्या सायकलींवर चढला, आणि त्या दिवसापासून माझं मत एकदम पक्कं झालंय की मोठ्या मोटरहोम (आत राहायची सोय असलेल्या गाड्या) आणि कॅराव्हॅन (कारमागे ओढायची चाकावरची घरं) या घाटात येऊच देता कामा नयेत. नुसता सल्ला देणारी पाटी नको, सरळ बंदी. सायकल टूरिंगच्या ग्रुपवर यावर बोललो तर लगेच वाद होतो म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी घाट कसा आहे ते सांगतो. माथा ६२६ मीटर. आपल्याकडच्या लोकांना यात काही वाटणार नाही, महाबळेश्वर दुपटीहून उंच आहे. पण इथे चढ सुरू होतो तो जवळजवळ समुद्राच्या पातळीवरून, टॉर्नाप्रेसच्या पुलापाशी, आणि साधारण ९ किलोमीटरमध्ये सगळं अंगावर येतं. सुरुवात तशी बरी आहे, डावीकडे खाली किशॉर्नची खाडी दिसत राहते, तिथल्या यार्डात १९७० च्या दशकात निनियन सेंट्रल हा समुद्रातून तेल काढायचा ६ लाख टनांचा प्लॅटफॉर्म बांधला होता, आज तिथे बघून विश्वास बसत नाही. मग रस्ता दोन कड्यांच्या मधल्या खोऱ्यात शिरतो, दोन्ही बाजूंना काळपट लाल कातळ, त्यावरून पाण्याच्या धारा, आणि चढ वाढत वाढत २० टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे ५ मीटर पुढे गेलात की १ मीटर वर. शेवटी हेअरपिन, म्हणजे एकदम उलटं फिरवणारी वळणं. मुळात ही गुरं बाजाराला हाकत न्यायची वाट, रस्ता झाला १८२२ मध्ये, आणि आजही एकच गाडी जाईल एवढाच रुंद आहे.

आता या चढावर टूरिंगवाला सायकलस्वार काय अवस्थेत असतो ते बघा. तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, दोन दिवसांचं खाणं, सायकल धरून तीसेक किलो सहज होतात. पुढे ३० दातांचं चेनरिंग, मागे ३६ चा गिअर, तरी वेग ताशी ५-६ किलोमीटर, पायी चालणाऱ्याच्या बरोबरीचा. या वेगात तोल सांभाळणं हेच मोठं काम असतं. आणि एकदा पाय टेकला की २० टक्क्यांवर परत निघता येत नाही, मागे लटकवलेल्या पॅनियरच्या (सामानाच्या पिशव्यांच्या) वजनाने पुढचं चाक हलकं होऊन भरकटतं, दुसरा पाय पेडलवर यायच्या आत सायकल मागे सरकते. मग थोडा सपाट तुकडा मिळेपर्यंत ढकलत न्यायची. म्हणजे समोरच्या गाडीसाठी थांबणं हे कारवाल्यासाठी दहा सेकंदांचं काम असतं, आपला मात्र पुढचा सगळा चढ हातातून जातो.

म्हणूनच चढणाऱ्याला आधी वाट द्यायची हा नियम आहे. आपल्या घाटातही हाच नियम, आणि इथल्या हायवे कोडमध्येही, म्हणजे वाहतुकीच्या नियमांमध्ये, एकाच गाडीच्या रुंदीच्या रस्त्यांसाठी तेच लिहिलंय. ठरावीक अंतरावर पासिंग प्लेस असतात, म्हणजे रस्त्याला काढलेला छोटा फुगवटा, उतरणाऱ्याने शक्यतो तिथे थांबायचं. स्थानिक लोक हे इतकं सहज करतात की बघत राहावं. टपालाची लाल व्हॅन वरून येत होती, आम्हाला बघून ड्रायव्हर वळणावर रिव्हर्स घेत मागच्या पासिंग प्लेसपर्यंत गेला, काच खाली करून थांबला, आम्ही धापा टाकत जाईपर्यंत इंजिन बंद. त्याला रोजची फेरी पूर्ण करायची असताना!

आणि मग हेअरपिनवर समोरून भलीमोठी भाड्याची मोटरहोम. मागे तशीच दुसरी. पहिलीच्या ड्रायव्हरला रिव्हर्स घेता येईना, तो घाबरलेला स्पष्ट दिसत होता, बायको खाली उतरून हात हलवत होती, ब्रेक तापल्याचा जळका वास. आम्ही सायकली उचलून क्रॅश बॅरियरला चिकटून उभे राहिलो आणि गाडीचा आरसा माझ्या हेल्मेटपासून वीतभर अंतरावरून गेला. बॅरियरपलीकडे सरळ दरी. त्या माणसाचा मला रागही येत नाही, त्याला कोणी सांगितलंच नसणार. खाली पाटी आहे, त्यात १ मैलानंतर शिकाऊ चालक, फार मोठी वाहनं आणि कॅराव्हॅन यांनी जाऊ नये असं लिहिलंय. पण तो सल्ला आहे, आणि सुट्टीवर आलेला माणूस सल्ला ऐकत नाही.

२०१५ मध्ये नॉर्थ कोस्ट ५०० हा पर्यटकांसाठीचा ८३० किलोमीटरचा रूट जाहीर झाला, त्यात हा घाट आहे, तेव्हापासून पाचसहा दिवसांत सगळा रूट उरकणारे वाढलेत. पर्यटक येऊ देत ना, इथल्या हॉटेलांचं, दुकानांचं पोट त्यावर आहे. पण मोठ्या गाडीला ॲपलक्रॉसला जायला शील्डेग गावाहून किनाऱ्याचा रस्ता आहेच की! हिवाळ्यात बर्फाने घाट बंद होतो तेव्हा सगळं गाव त्याच रस्त्याने ये-जा करतं. मग उन्हाळ्यात मोठ्या गाड्यांनी तिकडून गेलं तर कोणाचं काय अडतं?

काही जण म्हणतात त्यापेक्षा घाटच रुंद करा. माझा याला कडाडून विरोध आहे. माथ्यावरून समोर राझे बेट दिसतं, त्याच्यामागे स्काय बेटाचे डोंगर. राझेवर कॅलम मॅक्लाउड नावाच्या माणसाने आपल्या गावाला रस्ता मिळावा म्हणून १९६० च्या दशकात कुदळ, फावडं आणि ढकलगाडी घेऊन एकट्याने पावणेदोन मैल रस्ता खोदला, दहा वर्षं लागली, आणि पूर्ण होईपर्यंत गावात तो आणि त्याची बायको एवढेच जवळपास उरले होते. ॲपलक्रॉसच्या उत्तरेकडच्या वाड्यांनाही १९७० च्या दशकापर्यंत गाडीरस्ता नव्हता, होडीने नाहीतर पायी. इथे रस्ता म्हणजे लोकांनी वाट बघून मिळवलेली गोष्ट आहे, ती कोणाच्या फोटोसाठी फोडायची नसते.

ॲपलक्रॉसला खाडीकाठी बसून सूप घेतलं, बरोबरची पोळी आणि शेंगदाण्याची चटणी संपवली, आणि किनाऱ्याने निघालो. लोकांना वाटतं घाट झाला की दिवस झाला, पण शील्डेगपर्यंतचे ४० किलोमीटर नुसते खालीवर खालीवर आहेत, पाय तिथेच संपतात. तरी तो माझा सगळ्यात आवडता पट्टा, रस्त्यात मेंढ्या, उजवीकडे तांबड्या सँडस्टोनचे डोंगर. आपला सह्याद्रीचा बेसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, हा इथल्या टॉरिडन भागातला दगड १०० कोटींच्या घरातला. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड, घाई कसलीच नाही. २००३ च्या कायद्याने इथे मोकळ्या जागेत जबाबदारीने तंबू टाकायचा हक्क आहे, आम्हीही टाकला, वारा असेल अशी उघडी जागा बघून, कारण वारा पडला की मिजेस नावाची बारीक चिलटं अक्षरशः फोडून काढतात.

कोणाला जायचं असेल तर इनव्हरनेसहून स्ट्रॅथकॅरनपर्यंत ट्रेनने जा, सायकलची जागा आधी बुक करा कारण ती मोजकीच असते, मे महिना बघा आणि घाट सकाळी सातच्या आत सुरू करा, तेव्हा गाड्या नसतात. मी बंदीसाठी इथल्या कौन्सिलला पत्र लिहितोय, सही करायची असेल तर इनबॉक्समध्ये या, युकेत राहणाऱ्यांनी तर नक्की या.