अटी मान्य असलेला कुत्रा हवा

कुत्रा पाळायचा ठराव आमच्या घरात एकमताने मंजूर झाला. हे नमूद करून ठेवतो, कारण त्यानंतर आमच्यात कशावरच एकमत झालं नाही. विकत घ्यायचा नाही, निवाऱ्यातून दत्तक आणायचा, इथपर्यंतसुद्धा ठीक होतं. पण कसा आणायचा म्हटल्यावर ज्याने त्याने आपापली यादी बाहेर काढली.

बाबांना राखणीचा कुत्रा हवा होता. चोराला पाहून भुंकणारा, पाहुण्याला पाहून न भुंकणारा, आणि दुपारी दोन ते चार या वेळात खुद्द चोर आला तरी गप्प बसणारा. आम्हा गोंयकारांना जेवणानंतरची झोप सोडवत नाही. त्या वेळात फोंड्या-म्हापशाची दुकानंसुद्धा शटर ओढून घेतात, तिथे कुत्रा कोण मोठा लागून गेला?

आजीची अट एकच होती आणि तिच्यावर चर्चा नव्हती. "तुळशीपाशी तंगडी वर करणारा नको." आमच्या अंगणात मधोमध वृंदावन आहे, आणि अंगणातली सर्वांत मानाची जागा कुठली हे नर कुत्र्याला सांगावं लागत नाही. म्हणजे कुत्री आणायची. शिवाय पिसाळलेल्या कुत्र्यांच्या गोष्टी आणि पोटात घ्यायची चौदा इंजेक्शनं हे आजीच्या पिढीच्या डोक्यात पक्कं बसलेलं. तिला म्हटलं, अगं, आता तरुण मुलं मोठी जाळी घेऊन गल्लोगल्ली फिरतात, कुत्रा धरतात, लस टोचतात आणि कपाळावर रंगाचा पट्टा ओढून सोडतात. २०२१ मध्ये तर गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीरही झालं. ते पट्टे आजीने पाहिले होते. तिचा समज, कुत्री देवळाच्या आसपास राहतात म्हणून कुणा भाविकाने गंध लावलंय. खरं कळल्यावर कुत्र्यांविषयीचा तिचा आदर थोडा कमीच झाला.

कन्येला निळ्या डोळ्यांचा, केसाळ हस्की हवा होता, फोनवर पाहिलेला. बर्फात गाड्या ओढणारं हे जनावर मे महिन्यात आमच्या अंगणात काय करील, असं विचारल्यावर "एसी लावू" असं उत्तर आलं. हा एसी बाबा पाहुण्यांनासुद्धा मोजून मापून लावू देतात. बायकोने यादी केलीच नाही. तिने फक्त विचारलं, "शी कोण काढणार?" त्यावर आजीला देवपूजा आठवली, कन्येला गृहपाठ, बाबांना फोन आला. मी तेवढा जागचा हललो नाही, आणि तेच संमती म्हणून धरलं गेलं.

राहता राहिली मांजर. ती घरात आमच्या लेकीच्याही आधीपासून आहे. तिचं मत आम्हाला न विचारताच ठाऊक होतं.

निवाऱ्यातल्या बाईंनी चहापाणी वगैरे न विचारता फॉर्म पुढे केला. घर स्वतःचं की भाड्याचं? कंपाउंडला फाटक आहे का? दिवसा घरी कोण असतं? गावाला गेलात तर जनावराला कोण बघणार? आधी कुत्रा पाळला असल्यास तो कशाने गेला? मुलीच्या लग्नातसुद्धा इतकं विचारत नाहीत, असं बाबा पुटपुटले. 'घरातल्या सर्वांची संमती आहे काय?' या प्रश्नापुढे मी 'हो' लिहिलं. बायकोने पेन घेऊन पुढे 'अटींसह' असं जोडलं.

मग पिल्लं. दार उघडताच दहा-बारा पिल्लं आमच्या पायांवर कोसळली. एकाने माझ्या बुटाची नाडी धरली आणि दुसऱ्याने त्याची शेपटी. कन्या हस्की विसरली आणि पाच वेगवेगळ्या पिल्लांकडे बोट दाखवून "हेच!" म्हणाली. बाबाही विरघळत होते. पण हे मोठं होऊन केवढं होईल, या त्यांच्या प्रश्नावर बाई हसल्या. गावठी पिल्लाची आई कधीकधी माहीत असते, बाप बहुधा नाही. चौथ्या महिन्याच्या सुमारास दुधाचे दात पडायला लागतात, तेव्हा चपला, खुर्चीचे पाय, जे मिळेल ते चावतात. "पेटीचा भातासुद्धा?" बाबांनी विचारलं. ते रोज संध्याकाळी हार्मोनियमवर नाट्यपदं म्हणतात. बाई म्हणाल्या, "भाता तर पहिला." त्या क्षणी बाबांचा पिल्लांमधला रस संपला.

मला विचाराल तर, घरात म्हातारी माणसं असली की मोठं कुत्रंच आणावं. पिल्लू म्हणजे लॉटरीचं तिकीट. मोठ्या कुत्र्याचा निकाल लागलेला असतो. पण मोठ्या कुत्र्यांच्या आवारात गर्दी नसते. तिथे कोपऱ्यात एक तपकिरी कुत्री पुढच्या पायांवर हनुवटी टेकून बसली होती. तीनेक वर्षांची. एका कानाच्या टोकाला खाच, म्हणजे नसबंदी झालेली. बायकोची पिल्लावळीची चिंता तिथेच मिटली. ही किनाऱ्यावरच्या एका शॅकपाशी, म्हणजे हंगामापुरत्या उभारलेल्या खानावळीपाशी, वाढली होती. पावसाळ्याआधी शॅक मोडतात, पर्यटक घरी जातात, आणि हंगामभर ऑम्लेट खाल्लेली कुत्री ओल्या वाळूवर उरतात.

बाई तिला दोरीने मांजरांच्या खोलीसमोरून घेऊन गेल्या. जाळीमागचा एक बोका दुप्पट फुगला. कुत्रीने त्याच्याकडे पाहिलं, मान वळवली आणि लांबलचक जांभई दिली. बाई म्हणाल्या, अशा वेळची जांभई झोपेची नसते. मला भांडण नको, असं सांगणं असतं ते. "आमच्या घरात असं एक तरी आलं पाहिजे," बायको म्हणाली, आणि माझ्याकडे न पाहता बाबांकडे पाहिलं.

बाबांनी शेवटची परीक्षा घेतली. खाकरून, आवाज चढवून ते ओरडले, "कोण रे तिकडे?" कुत्री उठली, शेपटी हलवत आली आणि त्यांच्या चपलेवर डोकं ठेवून बसली.

"मग चोराचं काय?" मी विचारलं.

"चोराला आपल्याकडे मिळणार काय आहे?" बाबा म्हणाले.

घरी नेताना बाईंनी हिशेब सांगितला: पहिले तीन दिवस भीतीचे, तीन आठवडे घराची रीत कळण्याचे, आणि तीन महिन्यांनी घर तिचं. पहिले दिवस ती गाडीखालीच होती. मग पहाटे पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजला की लांब सूर लावायला लागली. बाबांच्या नाट्यपदाला मात्र कधीच नाही. बाबांच्या मते तिला कान आहे. आमच्या मते तिला भीड आहे.

आणि श्रावण लागला. आमच्याकडे श्रावणभर शिवराक, मासळीचं नाव नाही. कुत्रीने ताटलीतल्या वरणभाताकडे पाहिलं आणि मग बाबांकडे. बाबाही आपल्या वरणभाताकडे तसेच पाहत होते. त्या संध्याकाळपासून तिला फिरवण्याची जबाबदारी त्यांनी आपणहून घेतली, आणि नाट्यपदं बंद पडली. फेरी शेजारच्या आंटींच्या बाल्कांवपर्यंत, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओट्यापर्यंत, जायची आणि तासभर तिथेच अडकायची. आंटी तिला बांगड्याचे काटे काढून भरवतात, असं बाबांनी सांगितलं. शिजलेले काटे घशात अडकतात ना, मग वेळ लागतोच.

परवा ती दोघं परतली तेव्हा आजी दारातच उभी होती. तिने आधी कुत्रीचा वास घेतला, मग बाबांचा.

"तिला येऊ दे आत. तिला श्रावण नाही," आजी म्हणाली. "तू आधी चूळ भरून ये."