बेअरिंग गेलंय

तीनशे रुपये. व्हिजिट चार्ज. तोही माझ्याच खिशातून.

झालं एवढंच, की रविवारी सकाळी अकराला मी विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सवर गाणं करत बसलो होतो. एलएमएमएस हे गाणी बनवायचं २००४ पासूनचं फुकट सॉफ्टवेअर, त्यात झिनॲडसबएफएक्स हा सिंथ, म्हणजे आवाज तयार करणारं वाद्य. (नाव नीट उच्चारेपर्यंत गाणं संपतं.) ५५ हर्ट्झचा बेस, म्हणजे खोल घुमणारा सूर, लूपवर लावलेला. बेल वाजली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी काका, मागे मोटरवाला.

"तुमच्या भिंतीतून पंपाचा आवाज येतोय. बेअरिंग गेलंय."

"काका, ते माझं..." म्हणेपर्यंत मोटरवाला आत. त्याने हातभर लांब स्क्रूड्रायव्हर काढला, टोक भिंतीला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. इतकं मन लावून माझं संगीत आजवर कुणी ऐकलेलं नाही. बायको ऐकते ती कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता. हा मात्र सवाई गंधर्वला भारतीय बैठकीत बसल्यासारखा मान हलवत होता.

"बेअरिंग नाय," तो म्हणाला. काकांचा चेहरा पडला. "फिरतंय गोल. पण दर चौथ्या ठोक्याला अडकतंय." आणि मांडीवर वाजवून दाखवलं : धम्, धम्, धम्, कट्.

मग मी लॅपटॉप दाखवला. काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"केवढ्याला पडलं?"

"फुकट आहे, काका. ओपन सोर्स. म्हणजे आतला कोड कुणालाही बघता येतो."

"तुम्ही बघितलात?"

"...नाही."

"मग?"

याला उत्तर असेल तर कळवा.

गणपतीत लक्ष्मी रोडवर मजलाभर उंच स्पीकर लागतात, तिथे कुणी स्क्रूड्रायव्हर घेऊन जात नाही. हेच काका कानात कापूस घालून विसर्जन बघून येतात आणि "यंदा जरा जास्तच होतं" एवढंच म्हणतात. माझे स्पीकर पाच इंची. चूक असलीच तर ते भिंतीत ठोकलेल्या फळीवर ठेवले, ही.

रात्री कट् शोधायला बसलो. बफर ६४ वर होता, म्हणजे एका वेळी आवाजाचे ६४ नमुने, बारीक तुकडे, तयार व्हायचे. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशोबाने जेमतेम दीड मिलिसेकंद. तेवढ्यात माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपने पुढचा घास तयार ठेवायचा. चौथ्या ठोक्याला रिव्हर्बने, म्हणजे देवळातल्यासारख्या घुमण्याने, भिजलेला जाडजूड सूर यायचा आणि तिथेच त्याला ठसका लागायचा. बफर २५६ केला, ठसका गेला. तीन महिने हेडफोन लावून मला जे ऐकू आलं नाही, ते मोटरवाल्याने भिंतीतून ऐकलं. याचा राग जास्त आहे.

तीनशे रुपये मेन्टेनन्समध्ये वळते करा म्हटलं, तर काका म्हणाले, "मोटर बिघडली असती तर दिले असते की!" आणि संध्याकाळी फळ्यावर सूचना : "पंप सुस्थितीत आहे. आवाज बी-७ मधील आहे."