डॉक्टर, नियम सुईलाही हवेतच

डॉक्टर, तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही लांबतंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेत स्तनाच्या बायोप्सीवर (सुईने तुकडा काढून तपासण्यावर) सरकारी नियम हवेत हा माझ्या लेखातला आग्रह भाबडा आहे. सरकार शिरलं की कागद वाढतात, पीसीपीएनडीटीने, म्हणजे गर्भलिंगनिदानबंदी कायद्याने, आपल्याकडच्या सोनोग्राफीवाल्यांचं काय केलं ते पाहा, आणि दर्जा सांभाळायला डॉक्टरांच्या संघटना पुरेशा आहेत.

संघटनांचं आधी बघू. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीने 1987 मध्ये मॅमोग्राफीसाठी (स्तनाच्या एक्स-रे तपासणीसाठी) ऐच्छिक मान्यता योजना आणली. योजना चांगली होती, पण तपासून घ्यायला स्वतःहून कोण येतं? ज्यांना आपल्या मशीनची खात्री असते ते. ज्यांची काळजी वाटावी ते तिकडे फिरकतच नाहीत. शेवटी 1992 मध्ये कायदा झाला आणि ऑक्टोबर 1994 पासून प्रमाणपत्राशिवाय मॅमोग्राफी करायला बंदी आली. दरवर्षी तपासणी, फॅन्टमच्या (चाचणीसाठीच्या नकली स्तनाच्या) प्रतिमेची चाचणी, वाचणाऱ्या डॉक्टरने 24 महिन्यांत किमान 960 मॅमोग्राम वाचलेले असणं, हे सगळं त्यात आलं.

बायोप्सी करताना काढलेले एक्स-रे मात्र याच नियमांतून वगळले. म्हणजे संशय दाखवणाऱ्या फोटोला कायदा आणि त्या संशयापर्यंत सुई नेणाऱ्या फोटोला मर्जी! एक्स-रेच्या आधारे सुई नेमून करायच्या या बायोप्सीची, म्हणजे स्टिरिओटॅक्टिक बायोप्सीची, ही सूट काढा, असं इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या तिथल्या सल्लागार संस्थेच्या समितीने 2005 मध्ये सुचवलं. 2023 मध्ये नियम सुधारले, स्तनाच्या घनतेची माहिती बाईला देणं सक्तीचं झालं, पण ही सूट जागची हलली नाही.

ही बायोप्सी कशी करतात हे तुम्हाला ठाऊकच आहे, इतर वाचकांसाठी सांगतो. स्तन दाबून धरतात, एक्स-रेची नळी साधारण 15 अंश एका बाजूला आणि 15 अंश दुसऱ्या बाजूला वळवून दोन फोटो घेतात. दोन्ही फोटोंत ठिपका किती सरकला यावरून खोली काढतात. शोधायचे असतात संशयास्पद वाटलेले कॅल्शियमचे बारीक कण. मशीनचं माप थोडं ढळलेलं असलं तरी सुई शेजारच्या निरोगी भागातून तुकडे आणते. पॅथॉलॉजिस्ट समोर आलं ते पाहून प्रामाणिकपणे 'कॅन्सर नाही' लिहितो, बाई सुटकेचा श्वास टाकून घरी जाते. काढलेल्या तुकड्यांचा लगेच एक्स-रे काढून कण त्यात आलेत का हे पाहिलं, तर चूक तिथेच पकडता येते. चांगली केंद्रं हे करतातच, हे तुमचं म्हणणं मान्य. पण नियम त्यांच्यासाठी नसतोच.

पीसीपीएनडीटीवरचा तुमचा राग मला कळतो. फॉर्म एफमधली (गरोदर बाईच्या सोनोग्राफीच्या नोंदीच्या अर्जातली) रिकामी जागा आणि लिंगनिदान एकाच तागडीत टाकलं तर प्रामाणिक माणूस भरडला जातो. पण तो कायदा डॉक्टरच्या हेतूवर संशय घेतो. मी मागतो ती तपासणी मशीनच्या मापाची आणि केलेल्या कामाच्या हिशेबाची आहे. सर्जनने बायोप्सी करावी की रेडिओलॉजिस्टने, या भांडणात सरकारने पडू नये, हेही मूळ लेखात लिहिलं होतं.

मला खरी धास्ती आहे ती तुम्ही न काढलेल्या मुद्द्याची. नियम कडक झाले आणि लहान गावातलं केंद्र बंद पडलं, तर तिथल्या बाईला सुईऐवजी ऑपरेशनच्या टेबलावर जावं लागेल. म्हणून मशीनच्या चाचण्या सर्वांना सारख्याच हव्यात, पण वर्षाला किमान किती बायोप्सी हा आकडा खालचा असावा असं मला वाटतं. तुम्ही तो किती धराल?