विरोधी खासदाराला दिलेलं मत वाया जातं?

गेले काही दिवस एक मेसेज आमच्या गावच्या ग्रुपवर फिरतो आहे. लिहिणाऱ्याचं नाव नाही. म्हणणं थोडक्यात असं: विरोधी खासदार संसदेत जाऊन नुसता गोंधळ घालतात. मतदानात ते हरणारच असतात, मग भाषणं कशाला? प्रश्न विचारले तरी मंत्री बाबूंनी लिहून दिलेलंच वाचतात. आणि विरोधातला माणूस निवडून दिला की मतदारसंघाची कामं अडतात, तेव्हा अशा माणसाला मत देणं म्हणजे मत वाया घालवणं. आमच्या चुलतभावाने, दादाने, वर “विचार करण्यासारखं आहे” असं लिहून तो मला पाठवला. मी विचार केला आणि मला यातलं जवळजवळ काहीच पटलं नाही.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण आम्ही कोकणातले आहोत आणि हे आमच्याच घरचं उदाहरण आहे. राजापूर मतदारसंघाने १९५७ मध्ये बॅरिस्टर नाथ पै यांना लोकसभेत पाठवलं. ते प्रजासमाजवादी पक्षाचे, म्हणजे विरोधातले. १९७१ च्या जानेवारीत ते गेले, आणि त्याच वर्षी प्रा. मधू दंडवते निवडून आले. ते १९८९ पर्यंत पाच वेळा जिंकले, १९८४ च्या काँग्रेसच्या लाटेतसुद्धा. या सगळ्या काळात आमचा खासदार सत्तेत होता तो फक्त १९७७ ते ७९ आणि पुन्हा १९८९-९० मध्ये. बाकी सगळी वर्षं विरोधी बाकावर.

या काळात कोकणात रेल्वे नव्हती हे खरं. माझे वडील गणपतीला परळहून निघायचे आणि एसटीत रात्रभर अवघडून सकाळी गावी उतरायचे. पण ती विरोधी खासदारामुळे अडली होती का? शेजारच्या रत्नागिरी मतदारसंघाने १९७१ ला काँग्रेसचा खासदार दिला, १९८४ ला पुन्हा दिला. रेल्वे तिथेही आली नाही. अडचण डोंगर आणि खाड्यांची होती, नव्वदच्या वर बोगदे खणायच्या खर्चाची होती. आणि तो खर्च करण्याची इच्छा दिल्लीला नव्हती.

कोकण रेल्वे महामंडळ झालं ते १९९० मध्ये. तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते आणि दंडवते अर्थमंत्री. कोणी म्हणेल, बघा, सत्तेत आले तेव्हाच काम झालं ना! झालं, नाकारत नाही. पण अर्थमंत्र्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला ही मागणी कोणी नव्याने समजावून सांगायला लागली नाही, कारण विरोधी खासदार म्हणून तो स्वतःच ती वर्षानुवर्षं मांडत आला होता. १९७७ ला हेच दंडवते रेल्वेमंत्री झाले, तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या स्लीपरमधल्या लाकडी फळ्यांवर दोन इंची फोमच्या गाद्या बसायला लागल्या. सामान्य माणूस कसा प्रवास करतो, हे त्यांना मंत्री होण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं.

आता ‘मतदानात हरणारच’ हा मुद्दा. ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला. लोकसभेतला हा पहिलाच अविश्वास ठराव. तो ३४७ विरुद्ध ६२ मतांनी पडला, आणि पडणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. मेसेजच्या हिशोबाने ते सगळे दिवस फुकट गेले. पण त्याच चर्चेत समाजवादी नेते डॉ. राममनोहर लोहिया उभे राहिले. ते त्याच वर्षी फर्रुखाबादच्या पोटनिवडणुकीत जिंकून आले होते. ते म्हणाले, या देशातले साठ टक्के लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात. तीन आणे म्हणजे जेमतेम एकोणीस पैसे. सरकारकडून पंधरा आण्यांचा आकडा पुढे आला. लोहियांचं उत्तर असं की, ही सरासरी आहे, तिच्यात शेठजी आणि शेतमजूर एकाच पातेल्यात शिजवलेत. तळातले साठ टक्के वेगळे काढा आणि मग सांगा. पुढे नेहरू सरकारमधले मंत्री गुलझारीलाल नंदा यांनी खालच्या साठ टक्क्यांसाठी दिलेला आकडा साडेसात आण्यांचा होता.

म्हणजे तीन आणे बरोबर की साडेसात, हा वाद उरला. पण पंधरा आण्यांच्या सरासरीमागे लपायची सोय संपली. मतं मोजून पाहिली तर लोहिया हरले. तरीही ‘तीन आणे’ हे शब्द साठ वर्षांनंतर लोकांच्या तोंडी आहेत, आणि त्या दिवशी सरकारच्या बाजूने कोणकोणती भाषणं झाली ती कोणाला आठवत नाहीत.

मंत्री बाबूंचं लिहिलेलं वाचतात, हा मेसेजमधला मला सगळ्यात घातक वाटलेला भाग, कारण तो अर्धा खरा आहे. उत्तर खात्यातले अधिकारीच तयार करतात. प्रश्नाची सूचना साधारण पंधरा दिवस आधी द्यावी लागते, ती त्यासाठीच. लोकसभेत रोज वीस तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचे, यादीत लागतात, सोडत काढून. अकरा ते बाराच्या तासात त्यातल्या चार-पाचांपर्यंतच पोचता येतं. बाकीच्यांना आणि शेकडो अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तर मिळतं. पण उत्तर बाबूने लिहिलेलं असलं तरी सभागृहाच्या पटलावर ते मंत्र्याच्या नावाने जातं. जाणूनबुजून चुकीची माहिती देऊन सभागृहाची दिशाभूल केली तर तो हक्कभंग होतो. सरकारने अमुक तारखेला अमुक सांगितलं, याचा तो पक्का कागद असतो. पत्रकार परिषदेतलं बोलणं उद्या फिरवता येतं, हे फिरवता येत नाही.

दोन कागद दाखवतो.

पहिला सप्टेंबर २०२० चा. टाळेबंदीत मुंबई-पुण्याहून, सुरतेहून माणसं पायी निघाली होती, ती आपण डोळ्यांनी पाहिली. घरी परतताना किती स्थलांतरित मजूर दगावले, असा प्रश्न लोकसभेत आला. कामगार मंत्रालयाचं उत्तर: अशी आकडेवारी ठेवलेली नाही. भरपाईचं काय? आकडेवारीच नाही, म्हणून तो प्रश्नच उद्भवत नाही. थोड्याच दिवसांत राज्यसभेत तृणमूलच्या डेरेक ओब्रायन यांनी फक्त श्रमिक रेल्वेगाड्यांबद्दल विचारलं. तेव्हा उत्तर आलं की ९ सप्टेंबरपर्यंत त्या गाड्यांमध्ये ९७ जण दगावले. एका खात्याकडे नोंदच नाही, दुसऱ्याकडे ९७. हे दोन्ही सरकारच्याच तोंडून आलं. विचारलं नसतं तर यातलं एकही वाक्य कागदावर आलं नसतं.

दुसरा कागद जुलै २०२१ चा. ऑक्सिजनअभावी किती रुग्ण गेले, असा प्रश्न राज्यसभेत होता. लेखी उत्तर तेव्हाच्या आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांचं, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या तेव्हाच्या खासदारांचं: ऑक्सिजनच्या तुटवड्याने झालेला मृत्यू अशी वेगळी नोंद राज्यांनी कळवलेली नाही. त्याच नाशिकमध्ये तीन महिन्यांपूर्वी, २१ एप्रिलला, झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली, पुरवठा तुटला आणि त्या दिवशी २२ माणसं गेली. गळती आणि तुटवडा हे शब्द वेगळे आहेत, मान्य. पण खाटेवरच्या माणसाला शब्दांतला फरक समजत नाही, त्याला फक्त श्वास मिळत नाही. आणि न कळवणाऱ्या राज्यांमध्ये विरोधी पक्षांची सरकारंही होती, हेही सांगायला हवं. त्या एका प्रश्नाने केंद्र आणि राज्यं दोघांनाही एकाच कागदावर आणून उभं केलं.

“माहिती गोळा केली जात आहे” असं गुळमुळीत उत्तर आलं तरी गोष्ट संपत नाही. ते आश्वासन धरलं जातं. साधारण तीन महिन्यांत ते पुरं करायचं असतं आणि शासकीय आश्वासन समिती त्याच्या मागे लागते. सरकारी खर्चाचा हिशोब तपासणाऱ्या लोकलेखा समितीचं अध्यक्षपदही १९६७ पासून विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे. त्या वर्षी स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी अध्यक्ष झाले.

राहिला गोंधळ. इथे मेसेजमध्ये तथ्य आहे. २०१० चं हिवाळी अधिवेशन टू-जी स्पेक्ट्रम वाटपाच्या प्रकरणात संयुक्त संसदीय समिती हवी म्हणून जवळजवळ पूर्ण बुडालं. तेव्हा विरोधात भाजप होता. नंतर बाकं बदलली, सवय तीच राहिली. मला याचा मनापासून राग येतो, कारण प्रश्नोत्तराचा तास बुडाला की सुटका मंत्र्याची होते. घोषणा देणारा खासदार स्वतःच्या हातातलं सगळ्यात धारदार हत्यार स्वतःच खाली ठेवतो. पण मेसेज इथेच थांबतो आणि पुढचं सांगत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित झाले. त्यांच्या नावावरचे प्रश्नही यादीतून वगळले गेले. फौजदारी कायदे मुळापासून बदलणारी तीन विधेयकं त्याच अधिवेशनात मंजूर झाली. त्या दिवशी सभागृह शांत होतं. ती शांतता कोणाच्या कामाची होती, हे मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

यातलं बरंचसं मी दादाला फोनवर सांगितलं, आणि ऑक्सिजनचं उत्तर पाठवलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. कोरोनात आमच्या घरातलंही एक माणूस गेलं. मग त्याने विचारलं, “हा प्रश्न कोणी विचारला होता रे?” मी सांगितलं, काँग्रेसचे वेणुगोपाल, तेव्हा राज्यसभेत होते. तो म्हणाला, “लिंक ग्रुपवर टाक.”