गावच्या शाळेचा सत्रसमाप्ती सोहळा दणक्यात कसा करावा

एप्रिल आला की आपल्या गोव्यातल्या सरकारी प्राथमिक शाळांत परीक्षा संपते, चौथीची पोरं हायस्कुलात जायला निघतात आणि बक्षीस समारंभ लागतो. हल्ली निरोप, बक्षीसं आणि गॅदरिंग एकाच मांडवात उरकून टाकतात, मांडवाचं भाडं वाचतं. आमच्या वाड्यावरच्या शाळेत गेल्याच आठवड्यात असा सोहळा झाला. मी पालकांच्या रांगेत शेवटपर्यंत बसून होतो, त्यामुळे असा सोहळा यशस्वी कसा करायचा हे मला आता पूर्ण कळलंय, आणि हे ज्ञान आपल्यापाशी ठेवणं बरं नव्हे. तुमच्या गावातही शाळा असेलच. म्हणजे अजून बंद झाली नसेल तर.

सुरुवात निमंत्रणपत्रिकेपासून करा. पटावर १९ मुलं आहेत म्हणून पत्रिकेवर मोजकीच नावं घातली तर गावाची लाज जाईल. सरपंच, पंच, माजी पंच, पुढच्या वेळेला पंच व्हायची इच्छा असलेले, देवस्थानचे अध्यक्ष, क्लबचे खजिनदार, ज्यांनी बॅनर दिला ते आणि ज्यांनी देतो म्हणून दिला नाही ते, सगळे आले पाहिजेत. नावांचा क्रम चुकला तर पत्रिका परत छापा, पैसे पालक-शिक्षक संघाच्या फंडातून जातात, काळजी नको. मुलांचं नाव कुठेही घालू नका, "विद्यार्थ्यांचे विविध गुणदर्शन" एवढी एक ओळ चहापानाच्या खाली पुरते.

वेळेचं गणित सोपं आहे. पत्रिकेत साडेनऊ छापा, पाहुण्यांना साडेदहा सांगा, ते साडेअकराला येतील, म्हणून मुलांना साडेसातला बोलवा.

व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना रात्री साडेदहाच्या आधी टाकू नका. "उद्या सर्व मुलांनी पांढरे मोजे व हिरवी रिबन आणणे" ही सूचना दुकानं बंद झाल्यावर वाचण्यातच मजा आहे. तिच्या वर एकवीस गुड मॉर्निंग आणि कोणाच्या तरी मेव्हण्याच्या फ्लॅटची जाहिरात असावी, म्हणजे निम्म्या पालकांना ती दिसणारच नाही आणि सकाळी त्यांच्या पोरांना वेगळं उभं करता येईल.

शाळा व्यवस्थापन समिती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय की तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात. अगदी बरोबर. बायकांची नावं घाला आणि मीटिंगला नवऱ्यांना पाठवा.

आता पोशाख. शिगमा नुकताच होऊन गेलेला असतो, तेव्हा मुलांची घोडेमोडणी बसवा. सत्तरी, डिचोली, पेडण्याची ही आपली मिरवायची गोष्ट, कमरेला घोडा, हातात तलवार, डोक्यावर फेटा आणि ढोल-ताशावर पुढेमागे नाचत जायचं. मोठ्यांचे घोडे नीट केलेले असतात, पोरांचे आम्ही बापांनी रात्री बसून केले, बांबूच्या कांबी, दुकानातून आणलेले खोके, आयांच्या जुन्या साड्या, आयाळीला काथ्या. आमच्या शेजाऱ्याच्या घोड्याचं तोंड डुकरासारखं झालं होतं पण पोरगं खूश होतं. तर सांगायचं काय, कमरेला घोडा बांधलेल्या पोराला खाली बसता येत नाही. भिंतीला टेकता येत नाही. लघवीला जायचं तर अख्खा घोडा सोडायचा आणि परत बांधायचा. म्हणून उशिरा येणाऱ्या पाहुण्यांसाठी हा नाच एकदम योग्य आहे, मुलं आपोआप उभी राहतात, शिस्त लावावी लागत नाही.

आमची उभी राहिली. आठ घोडे. एप्रिलचं ऊन, आणि मांडवाची सावली साडेनवाला जिथे होती तिथून सरकत सरकत स्टेजवरच्या सोफ्यावर गेली, तिथे अजून कोणी बसलेलंच नव्हतं. माइकवरून दर दहा मिनिटांनी "पाहुणे निघालेले आहेत" असं जाहीर होत होतं. मग कळलं वाटेत एका बारशाला थांबलेत. मग कळलं बारशाला जेवणच आहे. दुसरीतल्या एका पोराने शेवटी तसंच बसायचा प्रयत्न केला तर घोड्याची मान मोडली, त्याचा बाप दातात सेलोटेप धरून ती चिकटवत होता आणि पोरगं रडतंय म्हणून आयोजकांपैकी एक जण त्या बापावरच खेकसला, की साहेब आता कधीही पोचतील, पोराला गप्प करा. सहा वर्षांच्या पोरानं चार तास उभं राहायचं आणि गप्पही राहायचं. पाणी मागितलं तर बाटल्या "स्टेजसाठी" होत्या. सीलबंद, मोजलेल्या. शेवटी शाळेत रोजचं जेवण आणणाऱ्या बचत गटातल्या एका बाईने घरून कळशी आणली आणि उभ्या घोड्यांना फिरून फिरून पाणी पाजलं. ही पत्रिकेत नव्हती, त्यामुळे माइकवर तिचं नाव यायचा प्रश्न नव्हता.

असो. उपरोध करायला बसलोय, रागावायला नाही.

दीपप्रज्वलनाच्या वेळी स्टँडफॅन चालू ठेवा. तीन काड्या विझल्या की कोणीतरी फॅन बंद करेल, मग सगळे घामाने भिजतील, मग समई पेटेल, मग फोटोग्राफर म्हणेल परत एकदा.

सत्कारात कसूर नको. उकाड्यात शाल पांघरलेला माणूस फार समाधानी दिसतो. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ या क्रमाने प्रत्येकाला तीनदा उठवा. फॅन देणगी दिलेल्याचा सत्कार वेगळा करा, कारण त्याने तिन्ही पात्यांवर आपलं नाव रंगवून घेतलंय खरं पण फॅन फिरायला लागला की वाचता येत नाही. सत्कार करणाऱ्यांचाही सत्कार करा. बचत गटाच्या बायका, ज्या रोज भाजी-पाव नाहीतर पुलाव घेऊन वेळेत हजर होतात, ज्यांची बिलं थकल्याच्या बातम्या अधूनमधून पेपरात वाचायला मिळतात, त्यांना मात्र खुर्च्या उचलायला थांबवून ठेवा. नारळ संपतील नाहीतर.

आणि अहवाल वाचन. हे लवकर आटपायचं असतं. आमच्या शाळेत बाई एकट्या आहेत. चार इयत्ता, एक खोली, एक बाई. कायद्याच्या परिशिष्टात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असं लिहिलंय, आणि आमच्याकडे ते दोन आहेतही, दुसरे सर कागदावर आहेत आणि देहाने दुसऱ्या शाळेत. त्याच कायद्याच्या २७ व्या कलमात आहे की जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून शिक्षकांना दुसरी कामं लावू नयेत, आणि निवडणुकीच्या तेवढ्या फटीतून अख्खी मतदारयादी आत येते. बाई दुपारी शाळा सुटली की दारोदार फॉर्म घेऊन फिरतात, रात्री ऑनलाइन माहिती भरतात, नेटवर्क नसलं तर टेकडीवर जाऊन भरतात. एवढं करून वर्षभरात काय झालं ते त्यांनी दोन पानांत स्वच्छ अक्षरात लिहून आणलं होतं. मुलांनी मागच्या अंगणात अळू आणि भेंडी लावली, ती जेवणात गेली. बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयात सहल झाली. गेल्या जूनमध्ये एक अक्षर न वाचणारी तिसरीतली मुलगी आता सकाळी परिपाठाला पेपरातली बातमी वाचते. पावसाळ्यात छप्पर गळतं त्याचा अर्ज परत दिलाय. हे एवढं होतं, आणि मला वाटतं त्या अख्ख्या दिवसात ऐकण्यासारखंही एवढंच होतं. पहिलं पान संपायच्या आत त्यांच्या हातात चिठ्ठी आली, आवरा. छप्पर दुसऱ्या पानावर होतं.

बाईंना तीन मिनिटं, पाहुण्यांना पाऊण तास. हे प्रमाण कुठेही चुकवू नका.

पाहुण्यांचं भाषण कसं असावं? पाठच करून ठेवा. मी याच शाळेत शिकलो (टाळ्या). पावसात अनवाणी यायचो, डोक्यावर इरलं (टाळ्या). मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांनी गावागावात, रानात, डोंगरावर मराठी शाळा नेल्या म्हणून बहुजनांची पोरं शिकली, नाहीतर आज मी कुठे असतो (जोरात टाळ्या). पटसंख्या घटते आहे ही चिंतेची बाब आहे. मातृभाषेतून शिक्षण हाच पाया. ही शाळा टिकली पाहिजे, नव्हे, टिकवलीच पाहिजे. आणि मग घड्याळाकडे बघून, आपली माफी मागतो, पुढे दोन कार्यक्रम आहेत.

सगळं खरं आहे हो त्यातलं. भाऊसाहेब १९६३ ला गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि १९७३ ला गेले, तेवढ्या वर्षांत जिथे गाडी जात नव्हती तिथे शाळा गेली, आमच्या आजीने त्यामुळेच सही शिकली. ते बोलायला कोणाची हरकत नाही. फक्त पाहुण्यांना शाल घालणारे जे जे होते, त्यांच्या पोरांना सकाळी सात वाजता घ्यायला तालुक्याच्या इंग्रजी शाळेची बस येते. माझ्या घरासमोरच थांबते, मी रोज बघतो. पाहुण्यांची नातवंडं पण तिकडेच, हे त्यांनी स्वतःच चहा पिताना कौतुकानं सांगितलं, म्हणे इंग्लिश फाडफाड बोलतात.

२०११ ला सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरवलं तेव्हा आपण काय काय केलं आठवतं का? त्याविरुद्ध मोर्चे काढले, घोषणा दिल्या, शिक्षणाच्या माध्यमावर रात्र रात्र वाद घातले. माझ्या बाजूला घसा बसेपर्यंत ओरडणारे होते त्यातल्या किती जणांनी आपलं पोर पहिलीला गावच्या शाळेत घातलं, विचारून बघा. मी विचारलं. एक म्हणाला, तसं नाही रे, बायको ऐकत नाही. दुसरा म्हणाला, त्या शाळेत आता कोण येतं बघ ना, सगळी बाहेरून आलेल्या कामगारांची पोरं. हो, येतात. बांधकामावरच्या बापाची कानडी बोलणारी पोरं येतात, आणि मराठीतून शिकतात, आणि तुमची शाळा चालू ठेवतात. ती तिसरीतली पेपर वाचणारी मुलगी त्यांच्यातलीच आहे. तुमच्या भाषेचा पट त्यांनी धरून ठेवलाय आणि तुम्ही स्टेजवर बसून अस्मिता अस्मिता करताय.

घोडेमोडणी झाली का, असं विचाराल. नाही झाली. पाहुणे गाडीत बसले तसा मांडवही उठला, साउंडवाल्याला दुसरीकडे जायचं होतं, माइकवरून "वेळेअभावी उर्वरित कार्यक्रम रद्द करण्यात येत आहे, क्षमस्व" झालं. उर्वरित कार्यक्रम म्हणजे मुलं. माझा मुलगा घोड्यासकट माझ्याकडे आला आणि म्हणाला, "पपा, आतां आमचो नाच केन्ना?" काय सांगणार?

लाज वाटली पाहिजे आपल्याला. साहेबांवर मी रागावत नाही, ते बोलावलं म्हणून आले, असे दहा कार्यक्रम असतात त्यांना. बोलावलं कोणी? आपण. १९ पोरांच्या कार्यक्रमाला त्या १९ पोरांसाठी दोन तास आपल्याला काढता येत नाहीत? पाहुणा नसता तर काय बिघडलं असतं? समई बाईंनी लावली असती, नारळ बचत गटाच्या बायकांना दिला असता, पोरं नाचली असती आणि बाराच्या आत सगळे घरी जेवायला गेले असते. पण मग बॅनरवर तुमचा फोटो कशाला लागला असता? शाळेचं स्टेज सगळ्यांना हवं, शाळेचा वर्ग कोणालाच नको. छप्पर गळतंय ते गेली तीन वर्षं सगळ्या गावाला माहीत आहे, एका बॅनरच्या पैशात दोन पत्रे आले असते. पालकांनो, तुम्हीही. मीटिंगला पाच जण, आणि साहेब येणार म्हटल्यावर नवे कपडे घालून पन्नास. पोरं उन्हात उभी होती तेव्हा त्या पन्नासातल्या कोणी उठून म्हटलं का की सुरू करा? खुर्च्या धरून बसला होतात सगळे.

पहिलीचे प्रवेश सुरू आहेत. फॉर्म बाईंकडे मिळतो, फी नाही, पुस्तकं फुकट, दुपारचं जेवण शाळेत. जन्मदाखला हरवलाय म्हणून सांगायला जाऊ नका, वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही असं त्याच कायद्याच्या १४ व्या कलमात आहे. बाई मतदारयादीच्या कामाला गेल्या असतील तर दुपारी तीननंतर या.